चालीसकट

जुन्या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचे कुठलेही पान उघडा. गीताच्या क्रमांकाखाली बारीक टायपात बहुधा एक ओळ सापडते: 'चाल', आणि तिच्यापुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. ते गाणे कधी नाटकातले पद असते, कधी लावणी, कधी आरती, कधी अभंग. संग्रह छापणाऱ्यांना एवढी खूण पुरेशी वाटत होती, कारण ते दोन शब्द वाचताच त्या काळच्या माणसाच्या गळ्यात सूर उभा राहत असे. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' रंगभूमीवर आले आणि त्यातली पदे घरोघरी पोचली. ज्याच्या कानावर ती रोज पडत होती त्याला स्वरलिपी कशाला हवी? 'सौभद्रा'ची पदे आजही ओळखीची आहेत. पण त्याच्या मागेपुढे आलेल्या कितीतरी नाटकांची नुसती नावे उरली आहेत आणि फडावरच्या कितीतरी लावण्यांची तीही उरलेली नाहीत. त्यांच्या चालीवर बांधलेली ख्रिस्ती भजने मात्र पुस्तकात आहेत. शब्द शाबूत, मुद्रण स्वच्छ, आणि गायला कोणालाच येत नाहीत.

हा संग्रह अशा गीतांसाठी केला आहे. मराठी मंडळ्यांमध्ये आजही मनापासून गायली जाणारी गीते यात नाहीत. त्यांना आमची गरज नाही. एके काळी एखाद्या गावात, एखाद्या कीर्तनकाराच्या तोंडी, एखाद्या बायबलबाईच्या वहीत जी गीते नांदत होती आणि पुढे कोणत्याही ठळक कारणाशिवाय मागे पडली, ती इथे गोळा केली आहेत. जिथे चाल मिळाली तिथे ती स्वरलिपीत दिली आहे. गीत म्हणजे कागदावरची कविता नव्हे. ते कोण गात होते, कोणत्या वेळी गात होते आणि कोणत्या चालीवर गात होते, या तिन्ही गोष्टी त्याच्यासोबत आल्या तरच ते गीत हाती आले असे मी मानतो. या संग्रहाची सारी मांडणी त्याच समजुतीवर उभी आहे.

मराठीत ख्रिस्ती गीताचा इतिहास पुष्कळ जुना आहे, आणि त्याची सुरुवातच हरवण्याच्या गोष्टीने होते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने बहुतेक सारे आयुष्य साष्टीत काढले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय तुटली होती आणि तिच्या जागी त्यांना देण्यासारखे काही नव्हते. ही उणीव ओळखून त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तीनदा छापला गेला, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने रहिवाशांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. ज्या राज्यात असा हुकूम निघतो तिथे देशी भाषेतल्या पुस्तकांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

तरीही पुराण टिकले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले होते. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या प्रती सोबत नेल्या. मंगळूर भागात मिळालेल्या अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली ते पुन्हा छापून काढले. पुढे १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातली देवनागरी पोथी उजेडात आणली. हेच अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले, आणि महिपती, तुकाराम, एकनाथ यांची चरित्रे नि रचना इंग्रजीत नेणारे. मराठी संतवाङ्मयावर ज्याचा जीव जडला होता, त्याच्याच नजरेला ही पोथी पडावी यात मला नवल वाटत नाही. ओवीचा कान ज्याला आहे त्यालाच ती पोथी काय आहे ते कळणार.

पुराणाच्या १६५४ च्या आवृत्तीनंतर जवळपास दीड शतक मराठी प्रदेशात फारसे काही छापले गेले नाही. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. तिथले कॅथलिक लोक पुढेही आपल्या बोलीत गात राहिले, पण ते गाणे लग्नाच्या मांडवातले आणि घरातले होते. देवळातली उपासना लॅटिनमध्ये चाले. सामवेदी बोलीतली लग्नगीते, मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातली उंबराचे पाणी आणायला जाताना बायका म्हणतात ती गाणी, या साऱ्यांत येशू, मारिया, गावचा संत सहज येऊन बसतात. याला भजन म्हणायचे की लोकगीत, हा प्रश्न ते गाणाऱ्या बाईला कधी पडलेला नाही आणि आम्हीही तो पाडून घेतलेला नाही. ज्या गाण्यात देवाला हाक आहे ते आम्ही घेतले.

प्रॉटेस्टंट गीतांची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली अहमदनगरला पोचले. हेन्‍री बॅलंटाइन १८३५ साली आले. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे ते पहिले संपादक, आणि मराठीत ख्रिस्ती गीते करणाऱ्या आरंभीच्या माणसांपैकीही एक. त्या पिढीपुढची अडचण आज नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ जुनी गीते मागे का पडली याचे एक उत्तर तिच्यात आहे. इंग्रजी स्तोत्राची ओळ आघातावर चालते. कोणत्या अक्षरावर जोर पडणार ते चालीने आधीच ठरवलेले असते. मराठीत तसा आघात नाही. इथे ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे वजन आहे. इंग्रजीत आठ अक्षरांची ओळ असते आणि आपल्या छोट्या अभंगाचा चरणही आठ अक्षरांचा. मोजायला दोन्ही सारखे, गायला मात्र निराळे. परदेशी चालीत मराठी शब्द बसवताना जोर भलत्याच अक्षरावर येतो, 'देवाचा' या शब्दातला मधला 'वा' आखूड होतो आणि शेवटचा 'चा' लांबतो. पहिल्या अनुवादकांनी हे ओढून-ताणून जुळवले. त्यांची निष्ठा मोठी होती, मेहनतही मोठी होती, पण त्यातली बरीच गीते मराठी तोंडात कधी रुळलीच नाहीत. ती या संग्रहात मोजकीच आहेत. ज्यांना खेड्यातल्या गायकांनी आपल्या हिशेबाने वळवून घेतले, इंग्रजी चाल मोडून तिची भैरवी किंवा तिचे भजनी वळण केले, ती मात्र आवर्जून घेतली आहेत. अशा मोडतोडीला काही जुन्या पाळकांनी नाके मुरडली होती. मला ती मोडतोड या परंपरेतली एक मोठी निर्मिती वाटते.

आणि मग देशी रचना करणारे आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव इथे पहिल्याने घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले त्यात सांगळे पुढे होते. आज आपण कीर्तन म्हणजे हरिकीर्तन एवढेच समजतो. पण नगर, राहुरी, वडाळा, शिरूर, सोलापूर या पट्ट्यात रात्रीच्या रात्री उधळ्या पुत्राचे, योसेफाचे आख्यान लागत असे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात बायबलातली गोष्ट, आणि तिच्यात आर्या, साकी, दिंडी, कटाव, श्लोक. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती असत, नसतही. गावातल्या माणसाला हा प्रकार परका वाटला नाही, कारण कीर्तनकार उभा कसा राहतो, टाळ कधी वाजतात, गोष्ट कुठे थांबवून पद म्हणतात हे सारे त्याला आधीपासून माहीत होते.

या कीर्तनातल्या पदांनी आम्हाला सर्वांत जास्त झुंजवले. ती एकटी उभी राहत नाहीत. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात त्या जागी म्हटलेली साकी आधीची गोष्ट काढून घेतली तर चार ओळींची तक्रार वाटते. म्हणून ती गीतसंग्रहात कधी आली नाहीत, आणि कीर्तने थांबली तशी तीही थांबली. इथे ती देताना आम्ही प्रत्येक पदाआधी प्रसंग सांगणारा मजकूर जोडला आहे. वाचकाने तो टाळू नये. शक्य असेल तर पद म्हणण्याआधी तो मोठ्याने वाचावा, म्हणजे कीर्तनकार जिथून सुरात शिरत असे ती जागा सापडते.

नारायण वामन टिळक यांच्याविषयी इथे थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. १८६१ साली करजगावला जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, १९१९ साली मृत्यू. मधल्या वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच बदलून टाकला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि 'अभंगांजली' वाचणाऱ्याला ते पदोपदी पटते. त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पूर्ण केले. निकोल मॅक्निकल यांच्या इंग्रजी अनुवादांतून टिळकांची काही भजने परदेशांतल्या गीतसंग्रहांतही गेली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त त्यांची गीते इतकी आहेत, की पुष्कळांना मराठी ख्रिस्ती गीत म्हणजे टिळकांचेच गीत असे वाटते.

याचा एक परिणाम मात्र बोलून दाखवला पाहिजे. टिळक एवढे मोठे झाले, की त्यांच्या आधीचे आणि भोवतालचे लहान कवी झाकले गेले. एखादे गोड भजन कोणाचे म्हणून विचारावे तर "टिळकांचं असेल" असे उत्तर येते. यातली काही भजने टिळकांच्या जन्माआधीच्या पुस्तकांत छापलेली आहेत. ज्या गीतांचे श्रेय सवयीने टिळकांना जाते पण जुन्या छापील पुराव्यावरून ती त्यांची नाहीत असे दिसते, ती आम्ही वेगळी काढली आहेत. टिळकांचे मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. ज्या शाळामास्तराने, ज्या उपदेशकाने चार भजने लिहिली आणि ज्याचे त्यावाचून जगात दुसरे काही उरलेले नाही, त्याला त्याची चार भजने परत मिळतात.

गीते मागे पडली ती वाईट होती म्हणून, असा समज सरसकट आढळतो. मला तो चुकीचा वाटतो. कोणत्याही मंडळीला पुस्तक नव्याने छापताना पानांची मर्यादा असते. नवी गीते आली की जुनी काही काढावी लागतात. काढायची कोणती, हे शहरात बसलेली शिकलेली माणसे ठरवतात आणि त्यांच्या कानाला जे ग्राम्य वाटते ते आधी जाते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मोठ्या प्रमाणावर महार समाजातून उभ्या राहिल्या, विशेषतः १८७६-७८ च्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या आसपास. त्या समाजाकडे गाण्याची फार जुनी आणि श्रीमंत परंपरा होती. एकतारी, डफ, तुणतुणे ही त्यांची वाद्ये होती आणि रात्रभर चालणारी भजने त्यांच्या घरची होती. त्यांनी रचलेल्या गीतांत भाकरी आहे, सावकार आहे, आटलेली विहीर आहे, आणि या सगळ्यांत चालत येणारा येशू आहे. अशा गीतांतले 'म्या', 'तुह्या', 'कवाडी' हे शब्द शुद्धीच्या आग्रहाने आधी बदलले गेले आणि मग ती गीतेच गेली. लावणीच्या चालीवरची भजने उपासनेला शोभत नाहीत म्हणून गेली. मला हे नुकसान फार मोठे वाटते. दुष्काळात देवाला प्रश्न विचारणारी गीते आपल्या पुस्तकांतून नाहीशी झाली आणि सुस्थितीतल्या माणसाने आभार मानण्याची गीते राहिली.

यात पुढे आणखी भर पडली. खेड्यांतली कुटुंबे मुंबई-पुण्याला आली, मुले इंग्रजी शाळांत गेली, पेटीच्या जागी कीबोर्ड आला, पुस्तकाच्या जागी भिंतीवर उमटणारे शब्द आले. हिंदी आणि इंग्रजी उपासनागीते सोपी, सर्वत्र ऐकू येणारी. तरुणांना त्याबद्दल दोष देणे मला पटत नाही. आपली गीते त्यांच्यापर्यंत चालीसकट कोणी पोचवलीच नाहीत, तर त्यांनी ती उचलावी कशी? कॅथलिक बाजूला नेमके उलटे घडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकापासून, मिस्सा लोकभाषेत होऊ लागला आणि मराठी गीतांची एकदम गरज निर्माण झाली. तेव्हा रचलेल्या गीतांतली बरीच एका गावापुरती, चक्रमुद्रित कागदांवर फिरली आणि नव्या पुस्तकांनंतर विसरली गेली. तीही आता जुनीच म्हणायची, आणि ती रचणारे अजून आपल्यात आहेत तोवर गोळा केली पाहिजेत.

गोळा करण्याच्या पद्धतीविषयी सविस्तर लिहितो, कारण हे काम इतरांनीही आपापल्या भागात करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वेल्समधल्या डोल्वार वाख या शेतघरात राहणाऱ्या अ‍ॅन ग्रिफिथ्सची हकिकत या कामाला लागलेल्या प्रत्येकाने ऐकावी. १७७६ साली जन्मलेली ही शेतकऱ्याची मुलगी १८०५ साली बाळंतपणानंतर गेली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. वेल्श भाषेतली तिची स्तोत्रे आज त्या भाषेचा अलंकार मानली जातात. पण तिच्या स्वतःच्या अक्षरातले एकच कडवे उरले आहे, तेही एका पत्रात लिहिलेले. बाकीची सत्तरेक कडवी वाचली, कारण अ‍ॅन ती आपल्या घरातल्या रूथ इव्हान्स या मोलकरणीला म्हणून दाखवत असे. रूथला लिहिता येत नव्हते. तिने ती पाठ ठेवली आणि तिचा नवरा जॉन ह्यूज याने तिच्या तोंडून ती उतरवून घेतली. लगेचच ती छापलीही गेली, पण संपादकांनी त्यांत 'सुधारणा' केल्या. ह्यूजच्या वह्यांतले मूळ रूप छापून यायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षे जावी लागली.

आपल्याकडे रूथसारख्या बायका पुष्कळ आहेत. आमच्या कामातली उत्तम गीते आम्हाला पुस्तकांत नव्हे, वाचता न येणाऱ्या आज्यांच्या तोंडून मिळाली. वाचता येणारा माणूस पुस्तकावर विसंबतो, पुस्तक गेले की त्याचे गीतही जाते. नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर भेटलेल्या आजींना नाताळचा असा एक पाळणा येत होता, की तो आम्हाला कुठल्याही छापील संग्रहात मिळाला नव्हता. त्या तो बसून म्हणेनात. "हातात कायतरी हलवाया पायजे, तवा सुचतंय," म्हणाल्या. सुनेने नातवाला मांडीवर दिले आणि सारी कडवी एकामागून एक आली. त्यानंतर आम्ही कोणालाही खुर्चीवर बसवून, ध्वनिमुद्रणाचे यंत्र समोर ठेवून 'म्हणा' असे सांगितले नाही. गीत ज्या कामासोबत जगले त्या कामासोबतच ते येते. दळताना, कांदे निसताना, मयताच्या रात्री जागताना.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक थोर उदाहरण आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम उभे केले, त्यात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीसोबत ती गाणारीचे नाव नि गाव नोंदले गेले. 'पारंपरिक' या एका शब्दाखाली शेकडो बायकांना पुसून टाकण्याची सवय त्यांनी मोडली. आम्ही तीच शिस्त पाळली. गाणाऱ्या व्यक्तीची परवानगी असेल तिथे आमच्या नोंदवहीत नाव, गाव, गीत कोणाकडून शिकले, कोणत्या सणाला म्हणत, साथीला काय असे, हे सारे लिहिले आहे. एकच गीत तीन गावांत तीन तऱ्हेने मिळाले तर तिन्ही पाठ ठेवले आहेत. व्याकरण दुरुस्त केलेले नाही. धर्मशास्त्रही दुरुस्त केलेले नाही. एका भजनात येशूला 'माउली' म्हटले आहे, दुसऱ्यात 'सावळा' म्हटले आहे. हे बदलावे असे एक-दोन हितचिंतकांनी प्रेमाने सुचवले. आम्ही बदलले नाही, कारण ज्या माणसाने हे रचले त्याने आपला देव ज्या शब्दांत ओळखला त्या शब्दांवर आमचा अधिकार नाही.

छापील बाजूचा शोध निराळा. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणे बंधनकारक झाले आणि मुंबई इलाख्यातल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. एक-दोन आण्याच्या भजनपुस्तिकाही त्या यादीत येतात: नाव, छापखाना, पाने, किंमत. ज्या पुस्तिकेची प्रत जिल्ह्यात कुठेच नाही ती एके काळी होती हे त्या यादीवरून कळते, आणि कधी कधी ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतेही. अमेरिकन मिशनची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहेत. 'ज्ञानोदया'चे जुने अंक हा तर खजिनाच आहे, कारण पुस्तकात कधी न आलेली गीते तिथे कोपऱ्यात छापलेली असतात. पण यादी आणि अंक धुंडाळून मिळतात ते शब्द. चालीसाठी पुन्हा गावातच जावे लागते.

आता चालींविषयी. आम्ही भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वापरली आहे, कारण मराठी वाचकांत ती सर्वांत जास्त जणांना वाचता येते. तिच्यात खेड्यातल्या गळ्याची घसीट, दोन स्वरांच्या मधे राहणारा तो लांब हेलकावा, पुरता पकडता येत नाही. म्हणून स्वरलिपी हा सांगाडा समजावा आणि शक्य तिथे मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे. ज्या गीतांवर नुसती 'चाल' लिहिलेली मिळाली आणि ती चाल कोणत्याही गायकाकडे मिळाली नाही, त्यांना आम्ही नवी चाल लावलेली नाही. कोणा संगीतकाराने पुढे ती लावली तर आनंदच आहे, मात्र तिच्याखाली त्याचे नाव आणि साल लिहिलेले असावे, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ती जुनी समजणार नाही.

ही गीते छापून इतरांना देण्यात एक कायदेशीर बाब येते, ती सांगून टाकतो. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क राहतो. टिळक, सांगळे आणि त्यांच्या पिढीची गीते आता कोणालाही छापता, गाता येतात. १९६०-७० च्या दशकांतल्या कॅथलिक गीतांचे तसे नाही. त्यांचे कवी हयात असतील किंवा त्यांची मुले असतील, तर विचारले पाहिजे. आम्ही विचारले, आणि एकानेही नाही म्हटले नाही. एका कवीच्या मुलीने वडिलांची वही आणून दिली, तिच्यात छापलेल्या दोन गीतांमागे न छापलेली कितीतरी होती.

गीते जमवून पुस्तकात ठेवली म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रत्येक गीत जिथून आले त्या गावी आम्ही ते परत नेले. छापलेली पाने आणि ध्वनिमुद्रण दोन्ही तिथल्या मंडळीकडे दिले. काही ठिकाणी त्याचा उपयोग झाला नाही. काही ठिकाणी कापणीच्या सणाला जुने भजन पुन्हा उभे राहिले, तरुण मुलांनी त्याला ढोलकीसोबत गिटारही जोडली. त्यावर काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. मी मुलांच्या बाजूने आहे. लावणीच्या चालीवर भजन बांधणाऱ्या त्यांच्या पणजोबांनीही त्या काळी हातात होते ते वाद्य घेतले होते.

या संग्रहात नगर, सोलापूर आणि वसई यांचा वाटा मोठा आहे, कारण तिथे आमच्या ओळखी होत्या. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या बेथेल गावातली, नाशिकच्या शरणपूरची, कोल्हापूर-मिरजेकडची गीते फार थोडी आली आहेत, आणि विदर्भ जवळजवळ सुटला आहे. तिथल्या कोणाकडे जुनी वही असेल, किंवा घरात गाणारे कोणी असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसावे, ते जसे म्हणतील तसे लिहून घ्यावे, आणि चाल मोबाइलवर मुद्रित करून ठेवावी. आमच्याकडे पाठवण्याची घाई नाही. घरातल्या एका तरुण माणसाला ती चाल आधी शिकवावी.